झाड वाजवून पाहताना

प्रस्तावना

उन्हाळा लागला की सिंदेवाहीच्या बाजारात मडक्यांचे ढीग पडतात. मडके घ्यायला आलेली बाई ते एका हातावर तोलते, दुसऱ्या हाताच्या बोटाने दोन टिचक्या मारते, कान किंचित कलता करते आणि मगच भाव विचारते. खणखणीत वाजले तर घासाघीस सुरू होते. बद्द वाजले तर ती मडके मुकाट्याने ढिगात परत ठेवते. तडा नेमका कुठे आहे हे तिने पाहिलेले नसते, आणि पाहण्याची तिला गरजही वाटत नाही. शेजारचा टरबूजवाला फळ थोपटून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. चांदीचा रुपया चलनात होता तेव्हा दुकानदार तो वाजवून घेत. ‘खणखणीत नाणे’ म्हणताना आजही त्याच रुपयाचा आवाज आपल्या तोंडी असतो. वस्तूच्या पोटातले डोळ्याला कळत नसेल तर कानाला विचारावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

पण चार आण्यांपासून वाजवून घेणारे आपण झाडाच्या बाबतीत मात्र बहिरे होतो. पन्नास-शंभर वर्षांचे झाड कुणाच्या तरी नजरेला ‘पोकळ’ वाटले म्हणून तोडले जाते आणि बाहेरून हिरवेगार दिसते म्हणून दुसरे तसेच उभे ठेवले जाते. दोन्ही निर्णय डोळ्यांचे. उभ्या झाडात दडलेली कूज आवाजावरून कशी ओळखावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे. साध्या लाकडी मोगरीपासून संगणकाला जोडलेल्या यंत्रापर्यंतची साधने तिच्यात येतात.

या विषयाकडे मी वळलो तो एका तोडलेल्या झाडामुळे. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरचा मोह तोडला जात असताना मी तिथे होतो. घेर सहा फुटांच्या थोडा वर, म्हणजे बुंधा सुमारे ६० सेंटिमीटर जाड. बुडाशी जुन्या आगीचा काळा व्रण होता. कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकले की आवाज बद्द यायचा. ‘आतून गेलंय, पावसाळ्यात घरावर येईल,’ असा निवाडा झाला. झाड आडवे झाले तेव्हा बुडख्याच्या मधोमध ३० सेंटिमीटर रुंदीची पोकळी दिसली आणि तिच्याभोवती आठ बोटे जाडीची, सगळीकडून सारखी, ठणठणीत लाकडाची भिंत. ज्या घरची माणसे दर उन्हाळ्यात त्या झाडाखाली मोहफुले वेचत, त्या घरातली आजी बुडख्याकडे पाहत उभी होती. तिने एवढेच विचारले, ‘मंग याले तोडलं कायले?’

झाड पोकळ आहे हा अंदाज खरा ठरला होता. तरी आजीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण प्रश्न पोकळीचा नव्हताच. उरलेल्या भिंतीचा होता.

झाडे आतून का कुजतात हे आधी समजून घेऊ. मोठ्या झाडाचा जिवंत भाग सालीलगतच्या काही बोटांत असतो. मधला गाभा बहुतांशी मृत पेशींचा. झाडाला उभे धरणे हेच त्याचे काम. गाभ्यात तेल, राळ, टॅनिन साठलेले असते, म्हणून सागाचा गाभा वर्षानुवर्षे टिकतो आणि सालईचा लवकर जातो. कवक म्हणजे बुरशी आत शिरते ती जखमेतून. आपल्या भागात जखमांची कमतरता नाही. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो आणि मोहफुलांचा हंगाम नेमका त्यातच येतो. फुले नीट दिसावीत, वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. आग जमिनीवरून सरकत जाते, पण बुंध्याच्या आडोशाला ती घटकाभर जास्त रेंगाळते आणि तिथली साल भाजून निघते. बाहेर काळा ओरखडा दिसतो. आत दाराची कडी निघालेली असते. पुढच्या पावसात बुरशी येते, मागोमाग वाळवी, म्हणजे इकडची उधई. तोडलेल्या खुंटाला फुटवा फुटून वाढलेल्या सागाला ही कूज जन्मापासून चिकटते, कारण बापाचा खुंट पायाशी सडत असतो. शिवाय फांद्या ओरबाडून काढणे, बुंध्याला पाट्या ठोकणे, रस्त्यासाठी मुळे छाटणे, देवळाच्या पारावर काँक्रीट ओतणे हे आहेच.

झाडाला माणसासारखी जखम भरून काढता येत नाही. ते जखमेला कोंडते. अमेरिकी वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी साखळी करवतीने असंख्य झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली: जखम झाली की झाड तिच्या वर, खाली, आत आणि बाजूला रासायनिक आडभिंती उभारते, आणि त्यानंतर जे नवे लाकूड धरते ते जखमेपासून सगळ्यात भक्कम भिंतीने अलग ठेवते. कूज जुन्या लाकडात कोंडली जाते. नवे लाकूड बाहेरून वाढत राहते. म्हणून आतून पोकळ झालेला मोह दरसाल फुलतो आणि पोकळ पिंपळ शंभर माणसांना सावली देतो. पोकळी आणि मरण यांचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही.

आता त्या बद्द आवाजाकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तो ऐकणारे कान एकाच जातीचे नाहीत.

पहिला कान व्यापाऱ्याचा. हा सागाचा मुलूख आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून साग मिरवत गेला, तो इथल्याच जंगलातला. डेपोत लठ्ठ्याची दोन्ही तोंडे उघडी असतात. पोकळी दिसते, तेवढी किंमत उतरते. उभ्या झाडाचा सौदा मात्र आंधळा असतो. धुऱ्यावरचा स्वतःचा साग विकणारा शेतकरी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली परवानगीसाठी हेलपाटे घालतो. व्यापारी झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्यावर एक ठोका देतो आणि ‘पोकळ निघंल’ म्हणून भाव पाडतो. शेतकऱ्याकडे उलट सांगायला काही नसते. झाड खरेच पोकळ असले तर व्यापारी शहाणा ठरतो, भरीव निघाले तर अधिकच शहाणा. ठोका दोघांनाही ऐकू येतो; अर्थ लावायचा हक्क एकाकडेच राहतो.

दुसरा कान झाडाखाली राहणाऱ्याचा. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळी पावसात देवस्थानाच्या आवारातला जुना, प्रचंड कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला. पावसापासून आडोसा म्हणून माणसे त्याच शेडखाली गोळा झाली होती. त्यांतली सात गेली. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये, चंदीगडच्या एका शाळेत सुमारे अडीचशे वर्षांचा पिंपळ मधल्या सुटीत पडला आणि एक विद्यार्थिनी दगावली. तो पिंपळ वारसावृक्ष म्हणून नोंदलेला होता. महाराष्ट्रातही २०२१ च्या कायदेदुरुस्तीने शहरी भागातल्या पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा मान दिला. मान द्यावाच, पण वय ही काही तब्येत नव्हे. शाळा, बसथांबा, आठवडी बाजार, देवळाचा पार, अंगणवाडी या जागी झाड जुने असते ते त्याच्या सावलीसाठीच. तिथले झाड दर उन्हाळ्यात, वळवाच्या पावसाआधी वाजवून पाहिले पाहिजे.

तिसरा कान माणसाचा नाही. सुतारपक्षी खोडावर ठोकत चढतो तो नुसते लाकूड फोडण्यासाठी नव्हे. ठोक्याच्या फरकावरून आतल्या अळीची वाट तो ताडतो, असे पक्षिनिरीक्षकांनी नोंदले आहे. म्हणजे इथला पहिला ध्वनितपासनीस तोच. त्याने कोरलेल्या बिळात पुढे पोपट, मैना, पिंगळे राहायला येतात. राखी धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि चिखल-विष्ठेने लिंपलेल्या दाराच्या फटीतून नर तिला फळे भरवतो. अशी ढोली घाईने तयार होत नाही. तिला जुने, जाड आणि आतून कुजलेले झाडच लागते. सातेरी मधमाशीचे पोळेही अशाच पोटात. लाकडाच्या हिशेबात जे नुकसान, तो जंगलाचा घरसाठा आहे. आलापल्लीजवळचा ‘वैभव’ म्हणून ओळखला जाणारा, १९५३ पासून राखून ठेवलेला सहा हेक्टरांचा पट्टा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाला. तिथल्या भव्य सागांखाली उभे राहून वर पाहिले की ध्यानात येते: म्हाताऱ्या झाडांना म्हातारे होऊ दिले तरच जंगलाला घरे मिळतात.

एकच आवाज, तीन अर्थ. कूज शोधणारे यंत्र हे झाडांना फाशी देणारे यंत्र असते, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. पोकळीची नुसती शंका असते तेव्हा झाड तोडले जाते. पोकळी किती, कुठे आणि भिंत केवढी हे कळले की बहुतेक वेळा ते वाचवता येते.

ठोकून ऐकण्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती आधी वैद्यकात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर पुढे व्हिएन्नात डॉक्टर झाला. पिंपात दारू कुठवर भरली आहे हे पिंपावर ठोकून ओळखायची युक्ती त्याच्या घरच्या धंद्यातली. तीच त्याने रोग्याच्या छातीवर लावली आणि १७६१ मध्ये छोटे पुस्तक लिहिले. जवळपास अर्धे शतक ते कुणी फारसे मनावर घेतले नाही. १८०८ मध्ये फ्रेंच भाषांतर झाले, १८१६ मध्ये फ्रेंच डॉक्टर लाएनेकने स्टेथोस्कोप काढला आणि मग वैद्याचा कान हा वैद्याचा डोळा झाला. लाकडाच्या बाबतीत हाच प्रवास विसाव्या शतकात झाला. विजेचे खांब, लाकडी पूल, जहाजे यांतली कूज शोधण्यासाठी अमेरिकेत ठोक्याची लहर लाकडातून जायला किती वेळ घेते ते मोजणारी यंत्रे आली. मॅडिसन येथील वन उत्पादन प्रयोगशाळेने त्यांच्या वापराच्या मार्गदर्शिका काढल्या. पुढे हंगेरी आणि जर्मनीत उभ्या झाडांसाठी खास उपकरणे तयार झाली.

त्यांचे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. भरीव लाकडातून आडवी जाणारी लहर सेकंदाला साधारण हजार ते दोन हजार मीटर धावते. दोऱ्याच्या दिशेने, म्हणजे उभी, त्याहून दोन-तीन पट वेगाने. हवेत तिचा वेग जेमतेम ३४० मीटर. म्हणून ठोक्याची लहर पोकळीत उडी घेत नाही, भिंतीतून वळसा घालते. तलाव आडवा आला की आपण पाळीवरून फिरून जातो, तशी. वळसा पडला की वेळ लागतो, आणि हा वेळ यंत्र मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, मोजते.

त्या मोहाचाच हिशेब करू. बुंधा ६० सेंटिमीटर. लहरीचा वेग हिशेबापुरता सेकंदाला १,५०० मीटर धरू. झाड भरीव असते तर बुंध्यात समोरासमोर ठोकलेल्या यंत्राच्या दोन खिळ्यांमधले अंतर लहरीने ४०० मायक्रोसेकंदांत कापले असते. मध्ये ३० सेंटिमीटरची गोल पोकळी असताना जवळची वाट सुमारे ६८ सेंटिमीटरची होते आणि वेळ ४५० च्या आसपास. पोकळी ४२ सेंटिमीटरची असती तर वाट ७५ सेंटिमीटर, वेळ ५०० च्या थोडा वर. आणि झाड नुसत्या सालीएवढ्या कवचावर उभे असते तर लहरीला अर्धा घेर चालावा लागला असता: ९४ सेंटिमीटर, ६३० मायक्रोसेकंद.

आता ताकदीचा हिशेब. वाऱ्याने वाकणाऱ्या खोडावर सगळ्यात जास्त ताण येतो तो बाहेरच्या कडेला. मधला गाभा त्यात फारसा भाग घेत नाही. गोल नळीची वाकण्याविरुद्धची ताकद किती घटते हे काढायला पोकळीचा व्यास खोडाच्या व्यासाने भागायचा आणि आलेली संख्या चार वेळा मांडून गुणायची. पोकळी अर्धी असेल तर अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे, त्याचे अर्धे: सोळावा भाग. म्हणजे निम्म्या जाडीचा गाभा गेला तरी खोडाची ताकद रुपयातले सहा पैसे एवढीच कमी झाली. पोकळी सत्तर टक्के झाली की घट २४ टक्क्यांवर जाते, आणि तिथून पुढे ती झपाट्याने वाढते. गडचिरोलीच्या माणसाला हे कागदावर पटवून द्यायची गरज नाही. त्याच्या घराचा वासा, कुंपणाचा खांब, मासेमारीची काठी सगळे बांबूचे असते, आणि बांबू पोकळ असतो म्हणून कुणी त्याला दुबळा म्हणत नाही. जर्मनीतले क्लाउस माथेक यांनी तुटलेल्या आणि टिकलेल्या झाडांची मोजमापे घेऊन जो ठोकताळा दिला तोही याच आसपासचा आहे: उरलेली भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असावी. हा ठोकताळा सगळ्यांना मान्य नाही, कारण शेंड्याचा पसारा, झाडाची उंची आणि लाकडाची जात त्यात येत नाही. तरी सुरुवातीची रेघ म्हणून तो कामाचा आहे.

त्या मोहाची भिंत त्रिज्येच्या निम्मी होती. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे सहा टक्क्यांचे आहे.

दोन खिळ्यांच्या मोजणीत मात्र एक पळवाट राहते. पोकळी मधोमध नसून एका अंगाला असेल तर लहर तिच्या बाजूने सरळ निघून जाते आणि यंत्र झाड निरोगी ठरवते. म्हणून एकाच पातळीवर किमान दोन दिशांनी मोजावे. मोठे यंत्र हेच काम विस्ताराने करते. बुंध्याभोवती पट्ट्यासारखे आठ, दहा, बारा संवेदक लावायचे. प्रत्येकाचा बारीक खिळा साल भेदून लाकडाला टेकलेला. मग प्रत्येक ठिकाणी हातोडीने ठोकायचे आणि बाकीच्या सगळ्यांनी ऐकायचे. बारा संवेदक असतील तर त्यांच्यात ६६ वाटा होतात. या सहासष्ट वेळांवरून संगणक खोडाचा आडवा छेद रंगवतो: लहर जलद गेली तो भाग एका रंगात, रेंगाळली तो दुसऱ्या. याला ध्वनी-टोमोग्राफी म्हणतात. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनची ही मावस बहीण; फक्त हिच्यात किरण नाहीत, हातोडी आहे.

रंगीत चित्र पाहिले की माणूस भुलतो, म्हणून या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण चुकांवर आहे. चित्र लाकडाचे नसते, वेगाचे असते. खोडात एक उभी चीर असेल तर लहर तिथे अडते आणि संगणक मोठी पोकळी रंगवतो. प्रत्यक्षात लाकूड धड असते. सागाचा बुंधा बुडाशी खोलगट पन्हळींचा असतो. त्याला गोल धरून मोजले तर सगळा हिशेब वाकडा जातो; आधी बुंध्याचा खरा आकार मापकाने घ्यावा लागतो. बुरशीची सुरुवात असते तेव्हा लाकूड बळ गमावते, पण लहरीचा वेग फारसा उतरत नाही. काही बुरशा या बाबतीत फार लबाड आहेत. कुजलेला भाग आणि रिकामी पोकळी यांतला फरक आवाज नीट सांगत नाही. त्यासाठी शंकेच्या जागी बारीक सुई फिरवत घालून लाकडाचा विरोध मोजणारे यंत्र लागते, आणि ते झाडाला लहानशी का होईना, नवी जखम करतेच. ताड, शिंदी, नारळ ही झाडे तर या गणितात बसतच नाहीत. त्यांचे खोड वेगळ्या घडणीचे.

सगळ्यात मोठी मर्यादा जमिनीखालची आहे. बुंध्याला लावलेले यंत्र बुंध्याचे सांगते, मुळांचे नाही. आणि इकडची पुष्कळ झाडे मोडत नाहीत, उपटतात. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या पाळीवर उभी असलेली झाडे, नाली खोदताना एका अंगाची मुळे तुटलेली झाडे, बांधीत पाणी साचून माती भुसभुशीत झालेली झाडे वावधान आले की मुळासकट आडवी होतात. तेव्हा खोडाचा आवाज खणखणीत असून उपयोग नसतो. म्हणून कान लावण्याआधी डोळ्यांनी झाडाभोवती एक सावकाश फेरी मारायची: जमिनीला भेग आहे का, एका बाजूची माती उचलली आहे का, बुडाशी फळीसारखी अळंबी आली आहे का, खोड अलीकडे कलले आहे का, साल दबल्यावर आत जाते का. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर यंत्राच्या हिरव्या-तपकिरी चित्राने निश्चिंत होऊ नये.

ढोलीला तोंड असेल तर वर केलेला नळीचा हिशेबही तसाच्या तसा लागू होत नाही. बंद नळी आणि उभी चिरलेली नळी यांच्या ताकदीत किती फरक पडतो, हे बुरुडाला विचारावे.

हे सगळे करायचे कोणी? टोमोग्राफीचे यंत्र लाखांच्या घरात जाते आणि परदेशातून येते. प्रत्येक गावाला ते मिळणार नाही आणि मिळायची गरजही नाही. ब्रह्मपुरी वनविभागात, ज्यात आपले सिंदेवाही परिक्षेत्र येते, वनरक्षकाच्या वाट्याला आलेले जंगल मोठे असते. वाघाच्या बंदोबस्तापासून वणव्यापर्यंत सगळे त्याच्याच डोक्यावर. तो एकटा किती झाडे वाजवणार? पण आता जंगल सांभाळण्याचा हक्क त्याच्या एकट्याचा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यात पाचगावसारखी गावे त्या वाटेने गेली. जिथे ग्रामसभा बांबू मोजते, तेंदूचा लिलाव करते, तिथे ती आपल्या मोहांची, पाळीवरच्या ऐन-अर्जुनांची, शाळेतल्या चिंचेची तब्येत वहीत नोंदवू शकते. मोगरी बाभळीच्या लाकडाची, घरी घडवलेली. खर्च शून्य. दोन खिळ्यांचे वेळमापक यंत्र चार-पाच गावांत मिळून एक. मोठ्या यंत्राला बोलवायचे ते शेवटी, ज्या झाडाचा निर्णय त्याशिवाय होतच नाही अशासाठी. शंभर झाडे डोळ्यांनी पाहावीत, त्यातली वीस मोगरीने वाजवावीत, पाच यंत्राने मोजावीत, एकाचा टोमोग्राम काढावा, अशी ही चाळणी आहे. आकडे उदाहरणाचे, उतरंड महत्त्वाची.

आणि निकाल ‘पोकळ’ आला म्हणजे करवत काढायची नाही. शेंड्याचे ओझे थोडे उतरवता येते. एखादी लांब आडवी फांदी टेकूवर घेता येते. झाडाखालचे बाक, शेड, बाजाराची ओळ हलवता येते. झाड हलवण्यापेक्षा ते सोपे. जंगलाच्या आत, जिथे खाली माणूस नाही, तिथे पोकळ झाडावर एकच खूण करावी: ‘धनेशासाठी’. तोडण्याची पाळी आलीच तर घरच्यांना आकडा दाखवून, समजावून तोडावे. तोडल्यानंतर बुडख्यावर पट्टी ठेवून खरी पोकळी मोजावी आणि आधीच्या अंदाजाशेजारी लिहावी. आपला कान तयार होतो तो या शेवटच्या नोंदीने. ही नोंद कुणी करत नाही, म्हणून दरवेळी तोच तो अंदाज नव्याने चुकतो.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात डोळ्यांची फेरी, दुसऱ्यात मोगरी, तिसऱ्यात दोन खिळ्यांचे यंत्र आणि चौथ्यात टोमोग्राफी व तिच्या चुका. मला यंत्रांपेक्षा अधिक शिकवले ते डेपोतल्या मजुरांनी, सुतारांनी आणि मोह वेचणाऱ्या बायांनी. लठ्ठा गडगडताना नुसत्या आवाजावरून ‘हा पोचट’ म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे ज्ञान कागदावर आणताना जे निसटले असेल तो दोष माझा.

वाचकाला एकच विनंती. चौथ्या भागावर उडी मारू नका. आधी मोगरी घ्या आणि वीस निरोगी मोह वाजवा. छातीच्या उंचीवर, बुडाशी, चारही अंगांनी. मग वीस साग, मग वीस ऐन. प्रत्येकाचा धड आवाज वेगळा असतो आणि पावसाळ्यातला उन्हाळ्यातल्यासारखा नसतो. आजारी झाड शोधायची घाई करू नका. बाजारातल्या त्या बाईने बद्द मडके ओळखले, कारण त्याआधी शेकडो चांगली मडकी तिच्या बोटांखाली वाजून गेली होती.

सिंदेवाही
मृगाच्या आधी